संपात विकलेलं रीळ

बाबांच्या मासे पकडायच्या रिळाला आमच्या घरात ‘गार्सिया’ म्हणत. “गार्सिया पुसून ठेवलंत का?” असं आई अशा सुरात विचारायची, की नवख्याला वाटावं गोव्याचा कुणी पाहुणा घरी उतरलाय. रिळावर तसं छापलेलंच होतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. गार्सिया हे ते बनवणाऱ्याचं नाव नव्हेच, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही ते रीळ शोधायला निघाले म्हणून.

बाबांनी ते संपात विकलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि होळीपर्यंत मिटेल असं म्हणता म्हणता पावसाळा आला. लालबागच्या आमच्या चाळीत आधी पितळेची भांडी गेली, मग कुणाचं शिवणयंत्र गेलं, कुणाचा रेडिओ. आमच्याकडून काठीसकट रीळ गेलं. कुणाला दिलं ते बाबांनी सांगितलं नाही. त्यानंतर आम्ही बाडबिस्तरा घेऊन जयगडच्या खाडीकाठी गावी गेलो आणि मी नववी तिथल्या शाळेत काढली. गिरणगावातली अर्धी पोरं त्या वर्षी अशीच कोकणात, नाहीतर घाटावर शिकली.

इतक्या वर्षांनी ते शोधायची बुद्धी झाली ती माझ्या मुलामुळे. त्याने नवीन रीळ आणलं, कार्बनचं की कशाचं, तळहातावर ठेवलं तर वजनच लागत नाही असं. बाबांनी ते हातात घेतलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, “डोकं तेच आहे. अंग मात्र कागदाचं.” मग अर्धा तास ते आपल्या जुन्या रिळाबद्दल बोलत राहिले. संपाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत विषय संपवणारा हा माणूस. मी त्याच रात्री शोधायला बसले.

आता शोधायचं म्हणजे आधी आठवायला हवं. माझ्याकडे फोटो एकच, त्यात बाबा भाऊच्या धक्क्यावर पाठमोरे उभे आणि रीळ त्यांच्या कोपराआड. म्हणून मी एका कागदावर आठवेल ते लिहून काढलं. रंग काळा. आकार अंड्याचा, पण अर्ध्या. उकडलेलं अंडं उभं चिरून सपाट बाजूवर झाकण बसवावं तसा. मूठ पिवळट पांढरी. पाठीमागे एक छोटा खटका. पुढे स्पूल, म्हणजे धागा गुंडाळायची चकरी, तिच्या मधोमध बटण, ते दाबलं की स्पूल हातात. आणि फिरवायचा दांडा डाव्या बाजूला.

या शेवटच्या मुद्द्यावरून आमचं भांडण झालं. बाबा म्हणाले, “मी उजव्या हाताचा माणूस, डाव्या हाताने कशाला फिरवीन?” आई म्हणाली, उजवीकडेच होता. पण मला पक्कं ठाऊक होतं, कारण माझी जागा ठरलेली होती. कोळंबीचा डबा मांडीवर घेऊन मी बाबांच्या डाव्या हाताला बसायची आणि तो दांडा फिरताना माझ्या खांद्याला लागायचा. मूल म्हणून आपण यंत्र समोरून बघत नाही, आपल्या उंचीवरून आणि आपल्या बाजूने बघतो. माझ्या आठवणीत त्या रिळाची उजवी बाजू जवळजवळ नाहीच.

अर्धं अंडं, डावा दांडा आणि ‘गार्सिया’ एवढ्यावर काम झालं. मला वाटलं होतं महिने जातील. चहा निवायच्या आत समोर चित्र आलं. मिचेल 300. फ्रान्समधलं रीळ, कार्पानो अँड पॉन्स या कंपनीचं. मूळ उच्चार मिशेलच्या जवळचा असेल, पण धक्क्यावरचे सगळे मिचेलच म्हणायचे असं बाबांनी मागाहून सांगितलं. मग घरात गार्सिया कशाला म्हणत होतो, विचारलं तर म्हणाले, “तुझ्या आईला ते नाव आवडायचं.”

गार्सिया ही होती अमेरिकेतली माल आणून विकणारी कंपनी. फ्रान्सहून येणाऱ्या मिचेलवर ती आपलं नाव घालायची. युरोपात विकल्या गेलेल्या त्याच रिळावर गार्सिया हा शब्द नसतो. हे वाचल्यावर मी जरा थबकले, कारण आमच्या घरातली कथा वेगळी होती. मामा बोटीवर होता, इंजिन खात्यात, आणि त्याने हे रीळ सिंगापूरहून आपल्या भावोजींसाठी आणलं असं सगळे सांगत. त्या काळी मुंबईत परदेशी रीळ सरळ दुकानातून घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. आयातीवर निर्बंध, आणि जे काही यायचं ते बोटीवरच्या माणसाच्या पेटीतून. सिंगापूर हे त्या पेट्यांचं माहेरच. पण रिळावर गार्सिया असेल, तर ते अमेरिकेच्या बाजारासाठी निघालेलं.

मामा आता नाही. मी मामीकडे चिपळूणला गेले. तिने ट्रंक उघडली. नोकरीचं पुस्तक होतं, पण त्यात बोटीचं नाव आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा. मधे कुठकुठली बंदरं केली ते नाही. ट्रंकेच्या तळाशी मात्र चित्रांची कार्डं होती, त्यातलं एक न्यू ऑर्लिन्सचं. मागे मामाच्या तिरक्या अक्षरात खुशाली, आणि खाली “गहू भरतोय” एवढंच. साठच्या दशकात अमेरिकेतून पीएल 480 या धान्य-मदतीच्या कायद्याखाली आपल्याकडे जो लाल गहू यायचा, रेशनवरचा, ज्याच्या चपात्यांना आई आजही नावं ठेवते, त्याच गव्हाच्या बोटीवर मामा होता. ते रीळ त्या गव्हाच्या वाऱ्याने मुंबईला आलं, असं मी मामीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्याने मला सिंगापूरची साडी म्हणून जी दिली ती कुठली?” या प्रश्नावर मी काम करत नाहीये.

डाव्या दांड्याचा उलगडाही झाला. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या हातात काठी धरून गळ फेकायचा, काठी हातातून न बदलता डाव्या हाताने गुंडाळायचं, अशी त्या रिळाची रचनाच आहे. 300 चा दांडा डावीकडे. डावखुऱ्यांसाठी तेच रीळ उलटं करून 301 काढलं होतं. बाबांना हे दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ चित्र बघितलं आणि म्हणाले, “असेल.” आमच्याकडे ‘असेल’ म्हणजे शरणागती.

इथे थोडं थांबून बाबांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांना या यंत्राचं एवढं का, ते कळणार नाही. ते परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते, म्हणजे सूतकताईत. दिवसाचे आठ तास चात्या, बॉबिनी आणि तुटलेले धागे. मामाने रीळ दिलं तेव्हा चाळीत कुणीच तसलं काही पाहिलेलं नव्हतं. शिवडीला, धक्क्यावर, वरळीला जे गळ टाकायला बसत त्यांच्या हातात लाकडाची फळी आणि तिच्यावर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा. डोक्याभोवती शिसं गरगरवायचं आणि सोडायचं. फार तर कुणाकडे जुनं ढोलासारखं रीळ असे, ज्यात स्पूल स्वतःच गरागरा फिरतं. त्यात गोची अशी की शिसं पाण्यात पडलं तरी स्पूल फिरतच राहतं आणि तंगुसाचं घरटं होतं. ते सोडवण्यात भरती निघून जाते.

मिचेलमध्ये फेकताना स्पूल हलतच नाही. तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळं वेटोळं सुटत जातं. गुंडाळताना स्पूलभोवतीचं डोकं फिरतं आणि धागा घालतं. मामा हे समजावून सांगू लागला तेव्हा बाबांनी त्याला मधेच थांबवलं, म्हणे, “अरे, हा तर आमचा फ्लायर.” गिरणीत पेळूचा जाड धागा करणाऱ्या यंत्रावर बॉबिनभोवती जो फ्लायर फिरतो, तोच. आणि धागा एकाच जागी चढू नये म्हणून सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमवर जशी रेल वरखाली होते, तसं इथे स्पूल वरखाली होत होतं. इंजिन खात्यातल्या मेव्हण्याला त्याचंच आणलेलं यंत्र त्रासन खात्यातल्या माणसाने समजावलं, ही गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात अजून सांगितली जाते.

बाबांचं म्हणणं किती बरोबर होतं ते मला आता वाचताना कळलं. न हलणाऱ्या स्पूलचं रीळ लोकांपर्यंत नेणारा माणूस, आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ, हा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा लोकर-गिरणीवाला होता. त्याने 1905 साली पेटंट घेतलं. बॉबिनच्या टोकावरून धागा किती हलका सुटतो हे तो रोज बघत होता. मी हे बाबांना वाचून दाखवलं तर त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. “मालक होता की जॉबर?” एवढंच विचारलं. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. मालक, म्हटल्यावर म्हणाले, “मग जॉबरने सांगितलं असणार त्याला.”

गिरणीची विद्या आणखी एका ठिकाणी कामाला यायची. कडेवरून सुटणाऱ्या धाग्याला दर वेटोळ्यामागे पीळ बसतो. सुतात पीळ हाच जीव. तंगुसात पीळ म्हणजे दुखणं. दोन-तीन रविवार झाले की तंगूस ढिलं सोडताच स्वतःभोवतीच वळू लागायचं. धक्क्यावरचे इतर लोक वैतागून कापून टाकत. बाबा ओहोटी लागली की गरी आणि शिसं काढून ठेवायचे, नुसतं मोकळं तंगूस पाण्याच्या ओढीला लांबवर जाऊ द्यायचे आणि चिमटीतून ताण देत परत गुंडाळायचे. पाण्याने पीळ उतरवून घेतलेला असे. आजही हाच उपाय सांगतात. माझ्या मुलाला महागड्या रिळाच्या कागदावर हेच लिहून आलंय.

आता प्रत्यक्ष रीळ मिळवायचं. आधी वाटलं, बाबांचंच कुठेतरी असेल. शिवडी नाहीतर भायखळ्याच्या एखाद्या घरात माळ्यावर. तो नाद लवकर सोडला. पण चोर बाजाराचं निमित्त सोडवेना. मटन स्ट्रीटवर गेले. बाईमाणूस मासेमारीचं रीळ मागते म्हटल्यावर दुकानदारांना आधी कळेना काय पाहिजे ते. ग्रामोफोनच्या मोटारी निघाल्या, हाताने फिरवायचा पंखा निघाला, जहाजावरचे होकायंत्र तर प्रत्येकाकडे, आणि त्यातले बहुतेक जहाजाच्या आसपासही न गेलेले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाकाखालून गोणपाट ओढलं. त्यात दिव्यांच्या बुरख्यांमध्ये एक लालभडक रीळ पडलेलं होतं. दांड्याची एक मूठ गायब, कडांना हिरवा कळंक.

ते मिचेल नव्हतं. ते होतं स्वीडनचं अँबॅसेडर 5000. ते मी ओळखलं, कारण एव्हाना रात्र रात्र वाचून डोळे तयार झाले होते. हा लाल रंग जाणकार दुरून ओळखतात. ते बनवणारी कंपनी एबीयू, म्हणजे आबे उरफाब्रिकेन, घड्याळांचा कारखाना. कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम याने 1921 साली स्वेंगस्टा या गावी काढलेला. खिशातली घड्याळं, टॅक्सीचे मीटर असलं काम. दुसऱ्या महायुद्धात मीटरना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा ते रिळांकडे वळले. गावातून सॅमन माशांसाठी नावाजलेली मोरूम नदी वाहते, त्यामुळे कल्पना लांबून आणावी लागली नसावी. 1950 च्या दशकात अँबॅसेडर आलं. त्याच्या पायाखाली, काठीवर बसतो त्या पट्टीवर, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून एक आकडा ठोकलेला असतो. पहिले दोन अंक साल, पुढचे दोन महिना. मी थुंकी लावून पदराने पुसलं. 76, मग 03. मार्च 1976.

दुकानदाराने “अँटिक आहे बेटी” म्हणत तोंडाला येईल तो आकडा सांगितला. मी दांड्याची मूठ नाही म्हटलं, त्यांनी लाल रंग दाखवला. मी कळंक दाखवला, त्यांनी चहा मागवला. चहा झाल्यावर आम्ही दोघांच्याही मनातल्या आकड्यापेक्षा वेगळ्याच आकड्यावर आलो. घरी बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, “हे पाहुण्याचं आहे. आपलं आण.” फोल्डिंग खात्यातल्या त्यांच्या एका मित्राकडे असलं लाल होतं म्हणे, आणि तो गुंता सोडवण्यातच आयुष्य घालवत होता. ढोलासारखं फिरणाऱ्या स्पूलचीच ही जात, पण त्यात स्पूलला लगाम घालायला आत छोटे ब्रेक असतात आणि वरच्या आडव्या पोकळ दांड्यातून इकडून तिकडे सरकणारा धागा-वाटप्या असतो. हे सगळं मी बाबांना सांगितलं. “तरी गुंतायचं,” ते म्हणाले.

मिचेल मात्र भारतात मिळेना. परदेशी लिलावाच्या ठिकाणी ढिगाने. इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कुणी माळ्यावरचं रीळ काढून बंगल्याची स्वप्नं बघणार नाही. मिचेल 300 अजिबात दुर्मीळ नाही. ती रिळं लाखोंनी निघाली, फ्रान्सपासून अमेरिकेपर्यंत घराघरात गेली. चालू स्थितीतलं एखादं आपल्याकडच्या साध्या नव्या रिळाच्या किमतीत मिळतं. आणायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. दर चढतो तो अगदी सुरुवातीच्या नगांना, ज्यांच्यावर 300 हा आकडाही नाही, किंवा न वापरलेलं, मूळ पेटीतलं असेल तर. मला ते नको होतं. मला साठच्या दशकातलं, गार्सिया लिहिलेलं, पिवळट मुठीचं आणि वापरलेलं हवं होतं. वापरलेलं हे मुद्दाम. न वापरलेलं रीळ बाबांनी हातात घेतलं नसतं, कपाटात ठेवा म्हणाले असते.

फोटो बघून यंत्र घ्यायचं तर काय बघायचं, हे मी अंदाजाने शिकत गेले. पाया वाकडा नाही ना, कारण पडलेल्या रिळाचा पाया आधी वाकतो. फेकताना उघडायची आणि गुंडाळताना मिटून धागा धरणारी जी तारेची कमान, ती पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली, असे दोन्ही फोटो मागायचे. मिचेलची ती कमानीची स्प्रिंग हे त्याचं जुनं दुखणं आहे आणि विकणारा तेवढंच लपवतो. स्पूल काढून खालचा फोटो मागायचा, खारं पाणी तिथे बसतं आणि धातूला खड्डे पाडतं. आणि भेसळ. एकाचं शरीर, दुसऱ्याचं स्पूल, तिसऱ्याचा दांडा. पिवळट मूठ सहसा जुन्या नगांना असते आणि काळी नंतरच्यांना, तेव्हा नव्या अंगावर जुनी मूठ दिसली की समजायचं हात चालवलाय. एका माणसाला मी स्पूलखालचा फोटो मागितला तर त्याने त्याच्या कुत्र्यासोबतचा पाठवला. कुत्रं छान होतं.

शेवटी एक मिळालं. काळा रंग कडांवर उडालेला, मूठ जुन्या हार्मोनियमच्या पट्टीसारखी पिवळी पडलेली, पण पाया सरळ. न्यू जर्सीला असलेल्या भाचीच्या पत्त्यावर मागवलं आणि ती दिवाळीला आली तेव्हा चॉकलेटांच्या पिशवीत घालून घेऊन आली.

दांडा फिरवला तर फिरला, पण चिखलातून बैलगाडी ओढल्यासारखा. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. मुलगा म्हणाला, व्हिडिओ बघून आपणच उघडू. मी म्हटलं, उघडायला माणूस आहे. आमच्या डोंबिवलीत स्टेशनजवळ एक घड्याळजी बसतात, एचएमटीच्या चावीच्या घड्याळांवर आयुष्य काढलेले, आता दिवसभर सेल बदलून देतात. त्यांच्याकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, रीळ कानाशी धरलं आणि दांडा अगदी सावकाश फिरवला. “ताई, चाकं चांगली आहेत. नुसती झोपलीयेत.”

उघडण्याचं काम त्यांनी दुपारच्या रिकाम्या वेळात माझ्यासमोर केलं. मी घरून इडलीपात्र नेलं होतं. एकेक खण एकेका टप्प्याचा: पहिल्या खणात झाकणाचे स्क्रू, दुसऱ्यात दांडा, असं ओळीने. प्रत्येक भाग निघाला की मोबाईलवर फोटो. घड्याळजींना इडलीपात्राची कल्पना इतकी आवडली की त्यांनी ते परत द्यायला कुरकुर केली. भाग रॉकेलमध्ये बुडवले, रंगवलेलं अंग सोडून. दात घासायच्या ब्रशने वाळलेलं ग्रीस काढलं. खालून पितळ चमकायला लागलं. मोठ्या चाकाच्या अंगावर एक छोटं चाक बसवलेलं होतं, फिरता फिरता स्वतःभोवतीही फिरणारं. साठच्या दशकात कंपनीने ‘प्लानामॅटिक’ म्हणून ज्याची जाहिरात केली ते हेच. त्यामुळे स्पूल वरखाली व्हायची लय बदलते, तंगूस एकावर एक तिरकं पडतं आणि खालच्या थरात रुतत नाही.

घड्याळजींनी एक छोटं दातेरी चाक चिमट्यात धरून उजेडात फिरवलं. “हे कुणी केलंय?” मग मी त्यांना रीळ जिथे बनलं त्या क्लूझबद्दल सांगितलं. फ्रान्सच्या आल्प्समधलं गाव, जिथे हिवाळ्यात शेतकरी घरी बसून घड्याळांचे भाग कातत. तिथे 1848 सालीच घड्याळ-विद्येची शाळा निघाली होती, तो भाग फ्रान्समध्ये जायच्याही आधी. कार्पानो घराण्याचा धंदा घड्याळांच्या बारीक दातेरी चाकांचाच. स्वीडनची कथा वेगळी, फ्रान्सची वेगळी, पण माझ्या पिशवीतली दोन्ही रिळं घड्याळवाल्यांच्या गावची निघाली. घड्याळजींनी मान डोलावली आणि कामाचे पैसे दोन घड्याळांचे लावले. अँबॅसेडरही दाखवलं. त्यातला धागा-वाटप्या चालवणारा बारीक दात झिजलेला होता. घड्याळजी म्हणाले, तो करता येईल, पण पितळ घासून करण्यापेक्षा तयार मिळतो का बघा.

ग्रीस कुठे आणि तेल कुठे, यावर मात्र घड्याळजी आणि बाबा यांचं फोनवरून वाजलं. घड्याळजी म्हणत, सगळीकडे थेंबभर तेल पुरे. बाबा म्हणत, “खारं पाणी आहे, घड्याळ नाही. चाकांना ग्रीस भर, कमानीच्या सांध्याला तेल.” ड्रॅगचे, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस ताणातच सुटू देणाऱ्या ब्रेकचे, वायसर मात्र कोरडे पुसूनच बसवायचे, यावर दोघांचं एकमत झालं. शेवटी बाबांच्या म्हणण्याप्रमाणे केलं, कारण रीळ समुद्रावर जाणार होतं आणि घड्याळजी जाणार नव्हते.

पौषात आम्ही गावी गेलो. बाबांना मी रीळ डोंबिवलीत मुद्दाम दाखवलं नव्हतं. जयगडच्या धक्क्यावर खुर्ची टाकली, मुलाने काठीला रीळ लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. भावनेचं काही होईल म्हणून मी जरा सावध होते. बाबांनी आधी स्पूलचं बटण दाबून स्पूल काढलं, आत बोट फिरवलं, ग्रीस जास्त झालंय म्हणाले. मग तंगूस किती भरलंय ते बघितलं आणि कमी भरलंय म्हणाले. कड भरून दोन दोरे कमी एवढं पाहिजे, नाहीतर कडेवर घासून फेक आखूड पडते. मागचा खटका दोनदा पाडला. मग कोळंबी लावून त्यांनी फेकलं.

फेक काही लांब गेली नाही. वयाच्या मानाने ठीक. पण शिसं पाण्याला लागताच त्यांनी दांडा फिरवून कमान मिटवली नाही, डाव्या हाताने ती कमान स्वतः खाली आणली आणि मग दांडा धरला. मुलाने विचारलं, आजोबा, फिरवलं की आपोआप मिटते ना? “आपोआप मिटवली की स्प्रिंग तुटते. मिचेलची तुटतेच.” मी इतके महिने परदेशी जाणकारांचं जे वाचत होते, ते वाक्य चाळीस वर्षं त्यांच्या डाव्या हातात होतं, आणि ते स्वतः शपथेवर सांगत होते की दांडा उजवीकडे आहे. त्यांचा हात एकदाही उजवीकडे गेला नाही.

दोन शेंगाळे आले, काट्याचे, आईने तोंड वाकडं करून सोडायला लावले. मग एक हाताएवढा गोबरा आला. ड्रॅगने टर्र केलं तेव्हा धक्क्यावरची पोरं वळून बघायला लागली. त्यांच्याकडे नवी, चकाकती रिळं होती. एकाने बाबांना विचारलं, “आजोबा, केवढ्याला घेतलंत?” बाबा म्हणाले, “गव्हाबरोबर आलं.” मामीची ट्रंक, ते न्यू ऑर्लिन्सचं कार्ड, हे सगळं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते हूं का चूं बोलले नव्हते.

रात्री गोबऱ्याचं तिखलं झालं. रीळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून ठेवलं. नळाखाली धरू नकोस, पाणी आत शिरतं, म्हणून ओरडाही खाल्ला. सकाळी बाबांनी नवी यादी दिली. कातळावरून तांबोशीला बसायचं असेल तर हे बारीक तंगूस चालणार नाही, दुसरं स्पूल पाहिजे, जाड भरलेलं. पूर्वीही दोन होती. मला दुसरं अजिबात आठवत नाही. पण 301 चं स्पूल 300 ला बसतं, आणि 301 डावखुऱ्यांचं म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी, तेव्हा स्वस्तात मिळेल असा माझा हिशेब आहे. भाची मे महिन्यात परत येतेय. अँबॅसेडरची एक मूठ आणि तो झिजलेला दातही तिच्याच यादीत घातलाय, बाबांना न सांगता.